गाडीचा कौल

“उजवी बाजू माझी. बाप मी हाय का तू?” मारुतीआप्पा सभामंडपातून ओरडले.

“पप्पा, उजवी पाकळी पडली की होय, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे तुमच्या गाडीला आधीपासूनच झुकतं माप. हे फेअर नाही,” सौरव म्हणाला. त्याने बूट पायरीखाली काढले होते, पण मोजे तसेच ठेवले होते. नुकत्याच धुतलेल्या फरशीवर ते भिजून गेले होते आणि त्यामुळे त्याचा पारा आणखी चढला होता.

गाभाऱ्यात रवळू गुरव पंचपात्रात शेवंतीच्या पाकळ्या भिजत घालून उकिडवा बसला होता. पूजा कधीच आटोपली होती. देव ताटकळला होता, गुरव ताटकळला होता, आणि बापलेकांचं अजून डाव्या-उजव्यावरच अडलं होतं. रवळूच्या मनात आलं, दोघांना बाहेर घालवावं आणि दार लावून घ्यावं. पण या दोघांच्याच फाउंड्रीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि मालकाला देवळातून घालवणारा गुरव अजून जन्माला यायचा होता.

गुंजी स्टेशनच्या पलीकडे, रानाच्या कडेला असलेल्या या गावात रवळनाथाचा कौल लावायचं काम रवळूच्या घराण्याकडे होतं. काळ्या दगडाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी लावायची, आलेल्या माणसाचा प्रश्न देवापुढे मोठ्याने मांडायचा आणि गप्प बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. सोयरीक जुळवू का, विहीर इथं खणू का, पोराला दुबईला धाडू का, असलं काय काय रवळूने आजवर देवाला विचारलं होतं. एकदा हरवलेली म्हैससुद्धा विचारली होती. पण छतातून आभाळ दिसणारी मोटार घ्यावी की जिची पायरी आपोआप खाली येते ती, हे देवाला विचारायची वेळ आपल्यावर येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मारुतीआप्पा मूळचे याच गावचे. तरुणपणी शेत विकून बेळगावात गेले, उद्यमबागेत लोखंडाच्या ओतकामाची फाउंड्री टाकली आणि देवाच्या कृपेने वर आले. ‘देवाच्या कृपेने’ हे ते स्वतः म्हणत, दर दोन वाक्यांनंतर म्हणत. यंदा त्यांना मोठी गाडी घ्यायची होती. त्यांचा जीव बसला होता काळीवर. डिझेलची, उंच, हत्तीसारखी. सौरव बेंगळुरूहून शिकून आलेला. त्याला पांढरी हवी होती. तिच्यात समोर टीव्हीएवढा पडदा, सीटच पाठ चेपून देणार आणि अख्खं छत काचेचं. मारुतीआप्पा म्हणायचे, उन्हात काचेखाली बसायला मी काय पापड हाय? सौरव म्हणायचा, पप्पा, ही डिझेलची धुडं आता भंगारात जाणार. तोडीस तोड दोन गाड्या, दोन्ही लोकांच्या घराहून महाग, आणि भांडण तीन महिने चालू होतं. घरात जेवायच्या टेबलावर, ऑफिसात कारकुनांसमोर आणि भट्टीपाशीसुद्धा. कामगारांत दोन तट पडले होते. कोअर शॉपमधली, साच्यात घालायचे वाळूचे गाभे भाजणारी माणसंही डब्याच्या सुट्टीत काळी-पांढरीवरून हमरीतुमरीवर येत, जणू रविवारी त्यांनाच तिच्यातून गोव्याला जायचं होतं. शेवटी मारुतीआप्पांच्या बायकोने हात टेकले. म्हणाली, रवळनाथाला विचारा आणि माझं घर शांत करा.

म्हणून बापलेक आज आले होते. येताना दोन्ही गाड्यांची गुळगुळीत रंगीत पुस्तकं घेऊन आले होते आणि ती देवाच्या पायाशी ठेवायला लावली होती. त्यावर हळदकुंकू वाहताना रवळूला स्वतःचीच लाज वाटली.

“आप्पा,” तो आता बाहेर येऊन म्हणाला, “देवाला दोन गाड्या घालून इचारता येत न्हाय. सवाल एकच पायजे. काळी घेऊ का? व्हय म्हणाला तर काळी, नको म्हणाला तर पांढरी. मग उजवं कुणाचं, डावं कुणाचं, ह्यो वांधाच न्हाय.”

“म्हणजे माझी गाडी ‘नको’वर?” सौरव म्हणाला.

“तुमची न्हाय साहेब. त्येंची नको झाली की तुमची आपोआप व्हय.”

सौरवने जरा विचार केला. मग रवळूकडे बघून म्हणाला, “ठीक आहे अण्णा. तुम्ही लावताय ना, मग माझी हरकत नाही.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ रवळूला नेमका कळला.

कारण काल कोअर शॉपमध्ये सौरव त्याच्यापाशी येऊन थांबला होता. दिवाळीपासून शिफ्टचा सगळा कारभार मारुतीआप्पांनी लेकाकडे दिला होता. लेकाने कॉम्प्युटरवर नवीन तक्ता केला आणि रवळूला सकाळच्या शिफ्टला टाकलं. आजवर तो दुपारच्या शिफ्टला होता. सकाळी देवाची पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग मोटरसायकलला लाथ मारून खानापुरावरून उद्यमबाग गाठायची, असं त्याचं आयुष्य बसलं होतं. सकाळच्या शिफ्टला पोचायचं तर अंधारातच गाव सोडावं लागे. देवाला सूर्य उगवायच्या आधी उठवायचं नाही, ही गावची रीत. सुट्ट्या टाकून, आजारपणं सांगून आणि लोकांच्या शिफ्ट बदलून घेऊन त्याने कसेबसे हे महिने रेटले होते. तरी मधले कितीतरी दिवस पूजा दुपारपर्यंत खोळंबली, आणि गावच्या पंचांनी शेवटी तोंडावर सांगितलं की देव ताटकळत ठेवायचा नाही, जमत नसेल तर चुलतभाऊ परशराम आहे. परशरामची स्टेशनजवळ पानपट्टी होती आणि तो देवाला फूल वाहतानाही मोबाइलवर बोलायचा. त्याच्या हातात देव द्यायच्या कल्पनेनेच रवळूचं अंग जळत असे. त्याने मारुतीआप्पांना विनवलं, ते म्हणाले लेकाला विचार. लेकाला विनवलं, तो म्हणाला बघू.

आणि काल तो आपणहून आला. “अण्णा, उद्या कौल तुम्हीच लावणार ना?”

“व्हय.”

“तुमचं शिफ्टचं माझ्या डोक्यात आहे बरं का. बघू या, उद्या काय होतं ते.” आणि हसून, पाठीवर थाप मारून तो गेला. त्याने दुसरं काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

रवळूला तेव्हापासून अन्न गोड लागलं नव्हतं. देवाची पूजा टिकवायची तर देवाशीच खोटं वागायचं. हे असं कोडं कोणाला सांगणार? बायकोला सांगितलं असतं तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. देवाला सांगायची तर सोयच नव्हती.

तो गाभाऱ्यात गेला. पाठ सभामंडपाकडे, तोंड देवाकडे. डावी पाकळी त्याने पाण्यातून काढली आणि खांद्यावर नुसती टेकवली. उजवी काढली. सहाणेवर सकाळचं उगाळलेलं गंध होतं. पाण्याने लावलेली पाकळी सुकली की सुटते, गंधाने लावलेली सुकली की आणखी घट्ट बसते. गुरवाच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि म्हणून कौलाच्या पाकळीला गंध लागू द्यायचं नाही, हा पहिला धडा त्याला बापाने कान पिळून शिकवला होता. रवळूने बोटावर गंध घेतलं, पाकळीच्या पाठीला लावलं आणि अंगठ्याने दाबली. चुकून केलं नाही. ठरवून केलं.

“देवा रवळनाथा,” त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं त्याला नवल वाटलं. “गावच्या राखणदारा, तुझं लेकरू मारुती आलंय तुझ्या दारात. काळी मोटार घिऊ का म्हणून इचारतंय. तुझ्या मनात आसंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे. लेकरांच्या घरात कलागत हाय ती मोड, आन दोघांस्नी सुखी ठेव.”

“व्हय देवा,” मारुतीआप्पा हात जोडून म्हणाले. सौरवनेही हात जोडले. एका हातात फोन होता.

मग वाट बघणं सुरू झालं. एकदा पाकळ्या लावल्या की गुरवानेसुद्धा हात लावायचा नाही. रवळू दाराच्या आत भिंतीला टेकून बसला. पाकळ्या जागच्या हलेनात. सौरव दोनदा बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. मग विचारलं, “अण्णा, फॅन लावला तर लवकर सुकणार नाहीत का?” मारुतीआप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने परत फोनमध्ये डोकं घातलं.

“रवळू,” थोड्या वेळाने मारुतीआप्पा म्हणाले, “तुला म्हाईत न्हाय, तू ल्हान हुतास. शेत इकून उद्यमबागेत जागा घिऊ का म्हणून मी हितंच आलतो. तुझ्या बानं कौल लावला.”

“बा सांगायचा,” रवळू म्हणाला.

“पाकळी हलंना. दुपार कलली. माझा बा म्हणाला, चल घरला, देवाच्या मनात न्हाय. मी उठलो न्हाय. पाणीबी पिलो न्हाय. तुझा बा बी उठला न्हाय बघ माझ्यासंगट. मग उजवी पडली.” मारुतीआप्पांनी डोळे पुसले. “माझी काय छाती हुती रं शेत इकायची? देव म्हणाला म्हणून गेलो. त्या दिवसापासनं त्येच्या शब्दाच्या भाईर पाऊल टाकलो न्हाय. ह्याची आई म्हणाली न्हवं, देवाला इचारा? माझं काळीज निवलं. म्हटलं, आता वाद संपला. त्येनं पांढरी म्हटलं तर पांढरी.”

आपण करू ते दोन गाड्यांच्या भांडणात करू, श्रीमंतांचा खेळ आहे, कोणाचं काय बिघडणार, अशी रवळूने रात्रभर मनाची समजूत घातली होती. ती आता फाटून गेली. उठावं, उजवी खरवडून काढावी, म्हणावं आप्पा, चुकलो, दुसरी लावतो. पण मग का चुकलो ते सांगावं लागलं असतं, आणि समोर सौरव बसला होता. देवा, तूच काय ते कर, तो मनात म्हणाला. गंधासकट उजवी पाड. तुला काय अवघड आहे? आयुष्यात इतक्या कळकळीने त्याने कोणासाठी कौल मागितला नव्हता.

डावी पडली. सुकून, सुटून, अगदी हलकेच देवाच्या पायाशी, त्या गुळगुळीत पुस्तकांवर पडली.

“नको म्हणाला,” मारुतीआप्पा म्हणाले. क्षणभर त्यांचा चेहरा लहान पोरासारखा पडला. मग त्यांनी जमिनीला डोकं टेकवलं. “बरं झालं. मोकळं झालं. सौरव, तुझी घे.” आणि हात पुढे करून त्यांनी ती डावी पाकळी प्रसाद म्हणून मागून घेतली, डोळ्यांना लावली आणि पाकिटात जपून ठेवली. रवळू मान खाली घालून देत होता, ते भक्तीने असं त्यांना वाटलं असणार.

मारुतीआप्पा देवाला प्रदक्षिणा घालायला गेले, तेव्हा सौरव मोजे पिळत पायरीवर बसला होता. रवळू पाणी ओतायला बाहेर आला तसा तो हळू आवाजात म्हणाला, “थँक्यू अण्णा. शिफ्टचं झालं समजा. सोमवारपासून सेकंड, दुपारची, कायमची.”

“माझे कशाला आभार साहेब? देवानं कौल दिला.”

“हो हो, देवानंच!” सौरव हसला. त्याच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, उलट आपलेपणा होता, जवळच्या माणसाला डोळा मारावा तसा. “मला लहानपणापासून वाटायचंच, हे असंच असणार म्हणून. पप्पांना मात्र कधी कळलं नाही. तो फाउंड्रीचा कौलसुद्धा तुमच्या वडिलांनी असाच लावला असणार. चांगला लागला म्हणा, नाहीतर आम्ही अजून इथंच असतो!”

रवळूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. न्हाय, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. माझ्या बापानं न्हाय. आज्यानं न्हाय. फकस्त आज, फकस्त मी. पण हे सांगायचं तर आधी स्वतःचं सांगायला हवं होतं, आणि ते सांगितल्यावर बापाचं कोण खरं मानणार? त्याच्या एका बोटाच्या गंधाने घराण्याचे सगळे कौल एकदम खोटे करून टाकले होते, आणि ते पुन्हा खरे करायचा काही रस्ता नव्हता. तो पाणी ओतून आत गेला. मागे दार ओढून घेतलं आणि देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी काढायला लागला. ती सहजी निघेना. नखाने खरवडावी लागली. खरवडता खरवडता तो रडला, आणि स्वतःवर इतका संतापला की दगडावर घासून बोटातून रक्त आलं तेव्हा त्याला बरंच वाटलं.

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. शिफ्ट मिळाली. पंच गप्प बसले. पांढरी गाडी आली, तिची पूजा करायला मंडळी देवळापाशी आली, नारळ फुटला. मारुतीआप्पा मागच्या सीटवर बसले होते. वरच्या काचेतून ऊन थेट डोक्यावर येत होतं, म्हणून त्यांनी टॉवेल घेतला होता.

“बरी हाय का आप्पा?” रवळूने विचारलं.

“देवानं दिलीय, बरीच आसंल की,” मारुतीआप्पा म्हणाले आणि त्याच्या पाया पडण्यासाठी खाली उतरू लागले. रवळू झटकन मागे सरला.

त्यानंतरच्या आठवड्यात जयाबाई आली. शेजारच्या वाडीची, रवळूपेक्षा वयाने मोठी. एकटीच चालत आली होती. नवऱ्याच्या काळजाचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. बेळगावात करावं की मिरजेला न्यावं, एवढंच ठरत नव्हतं.

“थोरला बेळगाव म्हणतोय, धाकटा मिरज म्हणतोय,” ती म्हणाली. “दोन्हीकडचे डाक्टर चांगलेच म्हणत्यात सगळी. माझी मती चालंना. बेळगावला न्हेऊ का, तुमी देवाला इचारा दादा. त्यो म्हणंल तिकडं न्हेतो.”

सकाळचं कोवळं ऊन पायरीवर आलं होतं. पूजा वेळेवर झाली होती, समया शांत जळत होत्या, घाई कसलीच नव्हती. यासाठीच तर सगळा आटापिटा केला होता. रवळूने पंचपात्रात पाकळ्या भिजवल्या. डावी काढली, लावली. उजवी काढली. आणि हात मूर्तीच्या खांद्यापाशी जाऊन थांबला. जयाबाई पाठीमागे ‘देवा, देवा’ म्हणत होती. किती दाबायची? नेहमी किती दाबत होतो? हे त्याने पूर्वी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. हात आपला लावायचा. आता बोटाला थोडं जास्त वाटलं, थोडं कमी वाटलं, सहाण जवळ आहे असं वाटलं, ओलं आहे ते पाणीच ना असं वाटलं. या बाईचं माणूस या बोटावर बेळगावला जाणार होतं नाहीतर मिरजेला. रवळूने दोन्ही पाकळ्या पाण्यात सोडल्या आणि बाहेर आला.

“काय झालं दादा?” जयाबाई घाबरली.

“काय न्हाय आक्का. जरा थांबा, दुसरा गुरव बोलवतो.”

परशराम पानपट्टी उघडायला निघालाच होता. रवळूने त्याला वाटेत अडवून देवळात आणलं आणि कमरेचा सोवळ्याचा पंचा सोडून त्याच्या हातात दिला.

“आजच्यापुरतं का?” परशरामने विचारलं.

“न्हाय. हितनं म्होरं तूच.”

“आन तुझी शिफ्ट?”

“सकाळची मागून घेतो.”

“येडा हाईस काय रं? त्येच्यासाठी सगळ्या गावाचं डोकं खाल्लास.” परशरामने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पंचा कमरेला बांधला. “बरं. कसं लावू सांग तरी.”

“हात धू. नुसत्या पाण्यानं लाव. दाबू नको.”

परशरामने मोबाइल बंद करून कट्ट्यावर ठेवला आणि तो आत गेला. गाऱ्हाणं त्याला नीट येत नव्हतं. दोनदा अडखळला, देवाचं नाव घेऊन परत सुरुवातीपासून धरलं, आणि रवळूने बाहेरून एक शब्दही सुचवला नाही. तो उंबऱ्याच्या अलीकडे, जयाबाईच्या बाजूला उभा होता. देवाला इथून बघायची त्याची ही पहिलीच वेळ होती. इथून मूर्ती बरीच लांब वाटत होती आणि खांद्यावरच्या पाकळ्या जेमतेम दिसत होत्या.

“दादा,” जयाबाईने हळूच विचारलं, “लई येळ लागतोय का?”

“सांगता येत न्हाय आक्का,” रवळू म्हणाला, आणि हात जोडून तिच्या शेजारी फरशीवर बसला.